हळद विसरलेले सर

सरांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?" मी आमच्या खेड्याचं नाव सांगितलं. ते त्यांना ओळखीचं वाटलं नाही, म्हणून तालुका सांगितला. "बरं. तेल्हारा, ते तिकडचं स्टूल घे," असं म्हणून ते कामाला लागले, आणि अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या दिवसापासून माझं नाव तेल्हारा झालं. वर्गात एक दर्यापूर होता, एक मोर्शी होती, अचलपूर दोन होते. त्यातल्या बुटक्याला सर 'धाकटं अचलपूर' म्हणत. नावं लक्षात राहत नाहीत, असं कारण ते देत. मला ते खरं वाटत नसे, कारण कोणाच्या तोंडात कुठल्या दाढेमागे काय आहे, हे त्यांना वर्षानुवर्षं लक्षात असे.

सरांबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं, पण धीर होत नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मोठ्या माणसाबद्दल लिहायचं तर कुठून धरायचं, हे मला अजून नीट कळत नाही. म्हणून जसं आठवतं तसं लिहिते.

दिसायला सर काही विशेष नव्हते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. इतर प्राध्यापकांच्या खिशाला पेन असे, तिथे यांच्या खिशाला टॉर्च असे, आणि टॉर्चच्या शेजारी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा चपटा चमचा. 'कसं काय' असं त्यांनी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. हाताची मधली तीन बोटं जुळवून ते समोरच्यापुढे उभी धरत आणि विचारत, "तीन बोटं जाते का?"

आपली तीन बोटं एकावर एक अशी आपल्याच तोंडात गेली, की तोंड नीट उघडतं असं समजायचं. खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडत जातं, गालाची आतली कातडी चामड्यासारखी होते. मग दोनच बोटं जातात, मग एक. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तोबरा. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारण्याआधी खर्रा विचारणारे लोक आहेत. सरांनी प्राचार्यांनाही एकदा तीन बोटं विचारली होती, आणि प्राचार्यांनी दार लावून ती घालून पाहिली, असं शिपाईकाका सांगत.

सर मूळ अकोल्याचे. घर वकिलांचं. वडील वकील होते, दोघे भाऊ वकील आहेत. सर म्हणत, "आमच्या घरी सारे तोंडाचंच खाते. मी बी तोंडातच शिरलो, पण लोकाईच्या."

ते आम्हाला प्रकाशशास्त्र शिकवत. पहिल्या तासाला त्यांनी खिडक्यांचे काळे पडदे ओढून घेतले आणि खिशातून एक पुडी काढली. आम्हाला वाटलं, काही रसायन असेल. हळद निघाली. ती त्यांनी काचेवर पाण्यात कालवली आणि तिच्यावर जांभळ्या उजेडाचा दिवा धरला. अंधारात ती काच हिरवट पिवळी अशी पेटली, की पुढच्या बाकावरची मुलं मागे सरकली.

"आपण टाकला तो उजेड परत येतेच असं नाई," सर म्हणाले. "काही वस्तू तुमचा उजेड ठेवून घेते अन् आपला देते."

मग त्यांनी तोच दिवा स्वतःच्या गालाच्या आत धरला आणि पिवळ्या काचेच्या तुकड्याआडून पाहायला आम्हाला एकेकाला बोलावलं. निरोगी गाल आतून फिकट हिरवा दिसतो. जिथे रोग धरू लागला असेल तिथलं मांस हा उजेड देईनासं होतं, आणि ती जागा काळी दिसते. साध्या उजेडात डोळ्याला काही कळायच्या आधी ती दिसू शकते. एवढ्या एका गोष्टीवर सरांनी आपलं सगळं आयुष्य लावलं होतं.

त्या तासाला मला अर्धंच समजलं होतं. बाकीची मुलं इंग्रजीत शंका विचारत होती, मी खाली पाहत होते. सरांनी ते पाहिलं असावं. ते म्हणाले, "तेल्हारा, म्हण, 'मले नाई समजलं.'" मी पुटपुटले. "मोठ्यानं." मी मोठ्याने म्हटलं. मग त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं आणि सगळ्यांकडून तेच म्हणवून घेतलं, शहरातल्या मुलांकडूनही, तसंच वऱ्हाडीत. हसू आवरेना कोणाला. पण त्यानंतर त्या वर्गात कोणालाही काहीही न समजल्याची लाज वाटली नाही. आजही मी कुठे अडले की मनातल्या मनात आधी ते वाक्य म्हणते, आणि मग विचारते.

यंत्राला ते 'कंदील' म्हणत. पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यात जांभळ्या उजेडाचे बारीक दिवे, मागे मोबाइल बसवायची खाच आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे पिवळी काच. सगळ्यात पहिला कंदील त्यांनी गणपतीच्या आराशीतून उरलेला पिवळा जिलेटिन कागद लावून केला होता, आणि तो त्यांनी फेकला नव्हता. नवा कंदील तयार झाला की सर तो एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात देत आणि म्हणत, "पाड."

माझ्यावर पहिल्यांदा ती वेळ आली तेव्हा मी तो पोटाशी धरून उभी राहिले. कितीतरी दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून तो जुळवला होता.

"पाड म्हणतो ना. खेड्यात जाईन तं हातातून पडणारच हाय. इथंच पडू दे."

मी सोडला. तुकडे झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सर मात्र जमिनीवर बसून आनंदाने तुकडे जुळवत होते. "हे पाय, इथून मोडला. हे आपल्यापैकी कोणालेच माहीत नव्हतं." आमच्या घरी वस्तू मोडली की मार बसे. मोडण्यातून काही कळतं म्हणून कोणी खूश होऊ शकतो, हे मी तिथे शिकले.

सर अमरावतीत राहत नसत. रोज अकोल्याहून गाडीने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरत, आणि संध्याकाळी परत. शनिवारी मी घरी निघायचे तेव्हा अकोल्यापर्यंत आमची गाडी एकच असायची. डब्यातले रोजचे प्रवासी सर आले की तोंड फिरवून बसत. मूर्तिजापूरला एक जाडजूड व्यापारी चढायचा. तो एकदा म्हणाला, "सर, तुमी दिसले की मले चांगला खर्रा खिडकीतून थुकाव लागते."

"थुका. पण थुकल्यावर दाखवा."

"तुमाले दुसऱ्याच्या तोंडात पाहून मिळते काय, बाप्पा?"

"तुमाले खर्रा खाऊन मिळते काय?"

डबा हसायचा. एकदा तिकीट तपासनीस आला. सर पास काढायला खिशात हात घालणार, तोच त्यानेच आपलं तोंड उघडलं. पण तो मूर्तिजापूरचा व्यापारी एका शनिवारी सरांच्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, पोट्टं कॉलेजात खर्रा शिकलं, एक डाव घरी येऊन त्याचं पाहता का. सर पुढच्याच स्टेशनवर त्याच्यासोबत उतरले. मी एकटी अकोल्याला आले.

सरांचा एक नेम होता, तो सांगायला हवा. त्यांच्या उजव्या गालाच्या आत जन्मापासूनचा एक काळसर तीळ होता. कंदिलात तो हटकून काळा दिसे. सकाळी काम सुरू करताना ते आरशासमोर कंदील स्वतःच्या तोंडात धरत. तीळ दिसला की म्हणत, "चला, दुकान उघडलं." संध्याकाळी आवरताना पुन्हा तेच. यंत्रावर विश्वास ठेवायचा, पण रोज दोनदा त्याची साक्ष काढायची, असं ते म्हणत. आम्ही याची टिंगल करायचो. धाकटं अचलपूर तर सरांची नक्कल हुबेहूब करायचं.

आता बाबांकडे येते.

माझे बाबा आमची काळी जमीन स्वतः कसतात. कापूस, मधे तुरीची तासं. ठेचा नसला तर ताटावर न बसणारा माणूस. मी दुसऱ्या वर्षाला होते, त्या दिवाळीत घरी गेले तर बाबा भाकर दुधात कुस्करून खात होते. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, तिखट लागते म्हणतात. मी बाबांना तीन बोटं घालायला सांगितली. ते म्हणाले, "तुह्या सराचे चाळे घरी नको आणू." पण नंतर पडवीतल्या आरशासमोर त्यांना मी पाहिलं. दोन बोटांवर त्यांचं तोंड अडत होतं. खिशात खर्ऱ्याची पुडी होती.

दवाखान्यात चला म्हटलं तर ते रागावले. आमच्याकडे 'त्या' रोगाचं नाव घरात घेत नाहीत. नाव घेतलं तर तो येतो, असं मानतात.

मी गाडीत सरांना सांगितलं. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. विचारलं, "त्याईले अमरावतीले आणता येईन?"

"नाही येणार ते."

"मंग आपून जाऊ."

अशा रीतीने आमच्या गावात तपासणी ठरली. कापूस वेचणीचे दिवस होते. शाळेच्या एका खोलीच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून अंधार केला. सोबत आम्ही काही विद्यार्थी, आणि दातांच्या एक डॉक्टर मॅडम. त्या दुपारपर्यंतच थांबणार होत्या. कंदील ज्याच्या तोंडात काळं दाखवेल त्याला पुढे मॅडमच्या दवाखान्यात पाठवायचं, असं ठरलं होतं. नागपूरहून एका कंपनीचे साहेबही आले होते. कंदील पसंत पडला तर त्यांच्या कारखान्यात तो तयार होणार होता.

सरांनी एक नियम घातला. आपल्या माणसाचं तोंड आपण तपासायचं नाही. "तिथं आपल्याले जे पाह्यजे तेच दिसते," ते म्हणाले. त्यामुळे बाबा आले तर मोर्शीने पाहायचं, हे ठरलं.

सकाळी बायका आल्या, शाळेतले मास्तर आले, तरणी पोरं गंमत म्हणून आली. खर्रा खाणारे बाप्ये एकही आले नाहीत. ते सगळे रोडग्यांच्या मागे होते. गावात कोणी कामासाठी आलं आणि उपाशी गेलं, असं आमच्याकडे होऊ देत नाहीत. शाळेमागे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी आणि वरणाची पातेली चढली होती. दुपारी सगळ्या गावाची पंगत बसली. बाबा वरण वाढत होते. सरांनी मागून मागून वरण घेतलं. मॅडम जेवून परतीच्या गाडीला गेल्या.

जेवल्यावर मग ते सगळे बाप्ये घोळक्याने आले. पोट भरलेलं, एकमेकांना ढोसत, हसत. माझ्या लक्षात आलं, की ज्यांना भीती नव्हती ते सकाळी येऊन गेले. ज्यांना होती ते आता येत होते. बाबा सगळ्यात शेवटी आत गेले. मी दाराबाहेर उभी होते. मोर्शीचा आवाज ऐकू आला, "काका, सगळं हिरवं आहे. डाग नाही कुठे. पण तोंड आखडलंय, खर्रा सोडा."

बाबांनी त्यातलं मधलं तेवढं ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "झालं समाधान? तुहीच मशीन म्हणते." आणि शेजारच्याच्या पुडीतून चिमूटभर खर्रा घेऊन तोंडात टाकला. मला त्याचाही राग आला नाही. मी आईला सांगायला घरी पळत गेले.

परत आले तेव्हा आवराआवर सुरू होती. कंपनीचे साहेब खूश होते, सरांचा हात हातात धरून बोलत होते. सरांनी हात सोडवून घेतला, कंदील घेतला आणि नेहमीप्रमाणे आरशासमोर तोंड उघडलं.

 त्यांनी कंदील काढला, काच पुसली, पुन्हा पाहिलं. मग बोटाला रुमाल गुंडाळून गाल आतून पुसला आणि रुमाल जांभळ्या उजेडाखाली धरला. रुमाल पेटला. पहिल्या तासाला काच पेटली होती तसा.

"हळद," सर म्हणाले.

तीळ दिसत नव्हता. वरणातली, भाजीतली हळद गालावर बसली होती आणि तिच्या उजेडाने सगळं झाकलं होतं. कॉलेजात लोक सकाळी, फार तर चहा पिऊन येत. जेवून आलेलं तोंड आमच्या कंदिलाने कधी पाहिलंच नव्हतं. सर स्टुलावर बसले. "वर्गात हळद मीच दाखवली," ते आमच्याकडे न पाहता म्हणाले, "पंगतीत हळद मीच खाल्ली. अन् मीच इसरलो."

म्हणजे दुपारनंतरची सगळी तोंडं आम्ही पाहिलीच नव्हती. बाबांचंही.

साहेबांनी समजुतीने सांगितलं, की उद्या पुन्हा एक फेरी आहे एवढंच गावाला सांगा. चूक झाली हा शब्द वापरू नका, कंदिलाचं नाव जाईल. ते वाईट बोलत नव्हते, त्यांना कंदील आवडला होता. सरांनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि सरपंचांना विचारलं, भोंगा कुठे आहे. थोड्या वेळाने ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून सरांचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. "जेवणानंतर ज्यायनं ज्यायनं तोंड दाखवलं, त्याईले आमी जे सांगितलं ते खोटं हाय. मशीनची चूक नाई, माही चूक हाय. सकाळी निस्त्या पोटी या. चहा बी घेऊ नका."

सरपंच कपाळाला हात लावून म्हणाले, "सर, लोक हसतीन."

"हसू द्या. तोंडं तं उघडतीन."

लोक हसले. पारावर तर कहर झाला. सरांना पाहून एक म्हातारबा ओरडले, "काय गा सर, मशीनले हळद लागली म्हंते. वरात कवा हाय?" कंपनीचे साहेब त्याच संध्याकाळी निघून गेले. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. 

सकाळी थोडेच लोक आले. सर एकेकाच्या दारात जाऊन उभे राहिले, शिव्या खाल्ल्या, काही तोंडं मिळवली. बाबा घरी नव्हते. आई म्हणाली, तांबडं फुटताच वावरात गेले, चहाही न घेता. सर म्हणाले, "चहा नाई घेतला? मंग झ्याक झालं." आणि ते शेताकडे निघाले. त्यांच्या मागे मी.

बाबा कापूस वेचत होते. आम्हाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"एक डाव पाह्यलं ना, सर. काल मशीन नाई म्हणली. आज हो म्हणली तं मी कोनाचं खरं मानू?"

"माह्यं नका मानू," सर म्हणाले. "मशीनचं बी नका मानू. पण कालचं तं मानूच नका."

बाबा पुढच्या झाडाकडे सरकले. सरही शेजारच्या ओळीतून त्यांच्या बरोबरीने सरकत राहिले. वेचायला म्हणून दोन बोंडंही त्यांनी तोडली, वाळक्या पाल्यासकट. बाबांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, पाला निवडून टाकला आणि म्हणाले, "तुमाले याच्यात काय भेटते?"

"काई नाई. मी तुमाले खोटं सांगितलं, अन् तुमी त्या भरवशावर खर्रा खाल्ला. ते माह्या गळ्यात अटकलं हाय. काढून घेऊ द्या."

बाबांनी ओटीतला कापूस गाठोड्यावर ओतला. माझ्याकडे पाहिलं. मग वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. तिथे एक अडचण आली. कंदिलाला अंधार लागतो, आणि वावरात तर ऊन पसरलं होतं. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाबांची जागलीची घोंगडी उचलली. ती दोघांच्या डोक्यावरून घेतली. एकाच घोंगडीखाली माझे बाबा आणि माझे सर गुडघ्याला गुडघा लावून बसले. मला फक्त चार पाय दिसत होते, एका जोडीत चपला, एकीत बूट.

आतून सरांचा आवाज आला. "आ करा. आणखी. दुखते? बरं, राहू द्या तेवढंच."

 मी घोंगडीकडे पाहत उभी राहिले.

सर बाहेर आले. केस विस्कटलेले, चष्मा घामाने धुरकट झालेला. ते माझ्याकडे वळले नाहीत. जे सांगायचं ते त्यांनी बाबांना सांगितलं, एखाद्या बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं. "डाव्या गालात, मागं, काळं दिसते. तो रोगच हाय असं मी म्हणत नाई, मी डॉक्टर नोहे. पण हे डॉक्टरनं पाहिलंच पाह्यजे, अन् लवकर."

बाबांनी मान हलवली. उठले आणि परत कापसात गेले. मला वाटलं, संपलं, आता ते ऐकणार नाहीत. मी रडत सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "थांब. हातचं तास पुरं होऊ दे त्याईचं." बाबांनी ती ओळ शेवटपर्यंत वेचली, ओटी रिकामी केली, हात धुतले आणि आमच्यापाशी येऊन म्हणाले, "चाला."

अकोल्याच्या दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला. रोग होता, पण लहान होता, गालापुढे गेलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, योग्य वेळी आले. आईने त्यांना विचारलं, आणखी उशीर झाला असता तर. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

अमरावतीला परतल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर प्रयोगशाळेत चूल मांडली. म्हणजे हॉटप्लेटवर वरण शिजवलं. आम्ही सगळ्यांनी ते खाल्लं, चूळ भरली, थांबलो, कंदिलात पाहिलं, पुन्हा चूळ भरली. कितीतरी दिवस ती खोली फोडणीच्या वासाने भरलेली असे. दुसऱ्या विभागाचे लोक जेवण मिळेल या आशेने डोकावून जात. आता आमचा कंदील आधी जिभेकडे पाहतो. जीभ पिवळी पेटली, तर गालाबद्दल काही सांगत नाही. ते काम माझ्या वाट्याला आलं होतं, आणि ते जमलं तेव्हा सरांनी तो कंदील माझ्या हातात देऊन म्हटलं, "पाड." या वेळी मी सोडला. काही झालं नाही त्याला.

शस्त्रक्रियेनंतर बाबांना बरेच दिवस बोलायची मनाई होती. गालाला टाके, नाकातून नळी. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आई म्हणायची, माणूस वाचला पण बोलला नाही. मला भीती वाटायची, की ते आता बोलायचेच नाहीत. रोग गेला तरी ते आतून खचले होते.

सर रोज संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावरून त्यांना फोन करत. मी घरी असले की फोन बाबांच्या कानाशी धरायचे. समोरचा माणूस बोलू शकत नाही म्हटल्यावर त्याला ऐकूही कमी येत असेल, असं सरांना का वाटलं कोणास ठाऊक. ते एवढ्या मोठ्याने बोलत, की स्वयंपाकघरात आईला सगळं ऐकू जाई. काय बोलायचे? गाडी किती उशिरा आहे. मूर्तिजापूरच्या व्यापाऱ्याने आज काय टोमणा मारला. कापसाला काय भाव. मधेच विचारायचे, "ऐकून राहिले ना?" आणि बाबा फोनच्या पाठीवर नखाने एकदा टकटक करायचे. हो म्हणजे एकदा. नाही म्हणजे दोनदा. ते त्या दोघांचं कधी ठरलं, मला माहीत नाही.

नळी निघाली. टाके निघाले. डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या दिल्या, दातांत धरून तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम करायला. बोला, असंही सांगितलं. बाबा पट्ट्या धरायचे, पण बोलायचे नाहीत. आई पाणी घेऊन उभी राहायची, मी 'बाबा' म्हणून हाक मारायचे, ते नुसती मान हलवायचे. बोलले तर कसला आवाज येईल, याची त्यांना लाज वाटत असावी. आम्ही कोणी जबरदस्ती केली नाही.

एका संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन आला. मी तो बाबांच्या कानाशी धरला. सर ओरडूनच सांगत होते, की आज गाडीत बसायला जागा नाही, आणि तुमची पोरगी परीक्षेत चांगली आली, तिने सांगितलं का. बाबांनी कानाला त्रास झाल्यासारखा चेहरा केला. दातांतल्या पट्ट्या काढून हातात घेतल्या. मला वाटलं, फोन बाजूला करायला सांगतील.

"सर, हळू बोला," बाबा म्हणाले. शब्द जाड होते, एका बाजूने निघत होते, पण पूर्ण होते. "मले कानाची बिमारी नाई."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं तिथेच थांबलं.

फोनमधून काहीच आवाज येईना.  बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग फोन कानावरून काढून माझ्याकडे पाहिलं.

"कटला वाटते," ते म्हणाले.

मी फोन कानाला लावला. फलाटावरची गडबड, लांबून गाडीची शिटी, आणि अगदी जवळ सरांचा श्वास ऐकू येत होता.

"नाही बाबा, चालू आहे," मी म्हटलं. "बोला तुम्ही. ते ऐकून राहिले."